डिझेलची वाट : लहान बांधकाम यंत्रांतील इंधन-दोषांचे निदान

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले कित्येक विद्यार्थी आज सोलापूर शहराच्या हद्दवाढ भागात आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ या तालुक्यांत लहान बांधकाम यंत्रे चालवितात. कोणी बॅकहो लोडर चालवितो, कोणी स्किड लोडर, कोणी मिनी एक्स्कॅव्हेटर. गावात मात्र या सर्वांना ‘जेसीबी’ हेच एक नाव आहे. जलवाहिनीचे चर, शेततळी, ओढ्यांचे खोलीकरण, घरांचे पाये अशी कामे त्यांना मिळतात आणि मोबदला तासावर ठरतो. यंत्र उभे राहिले की तास थांबतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच या स्मरणिकेत कविता आणि आठवणींच्या शेजारी या रूक्ष विषयास थोडी जागा आम्ही मागून घेतली.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कर्ज काढून जुना स्किड लोडर घेतला होता. सकाळी यंत्र उत्तम चाले. दीड-दोन तासांनी इंजिन दबू लागे, बकेट मातीत घातली की गुदमरे आणि बंद पडे. अर्धा तास उभे ठेवले की पुन्हा सुरू होई, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. पहिल्या मिस्त्रींनी फिल्टर बदलले. दुसऱ्यांनी ‘पंप गेला’ असा निर्णय दिला. पंप उतरवून कॅलिब्रेशनला गेला, चारही नोझल नवे बसले. बारा दिवस यंत्र बाभळीखाली उभे होते. तेराव्या दिवशी ते कामावर गेले आणि दुपारच्या आत पुन्हा गुदमरले. त्या रात्री त्याने आम्हांस दूरध्वनी केला, तेव्हा तो यंत्र विकून टाकण्याचेच बोलत होता.

आम्ही त्यास एवढेच विचारले, की इंजिन बंद पडल्यावर टाकीचे झाकण कधी उघडून पाहिलेस का? दुसऱ्या दिवशी त्याने ते उघडले. सूं असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली, आणि दोनदा सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले. टाकीला हवा मिळावी म्हणून जी बारीक नळी असते, तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. टाकीतून डिझेल जाईल तितकी हवा आत आली पाहिजे. ती आली नाही तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि फीड पंपाला त्या पोकळीविरुद्ध ओढावे लागते. तो रोज सकाळी डिझेल भरण्यास झाकण उघडी, तेव्हा पोकळी नाहीशी होई, म्हणून सकाळचे काम चांगले जाई. अर्धा तास उभे राहिल्यावर फटींतून थोडी हवा शिरे, म्हणून यंत्र पुन्हा चाले. सर्व खुणा पहिल्या दिवसापासून समोर होत्या. त्या कोणी क्रमाने वाचल्या नव्हत्या, इतकेच.

इंधनाचा मार्ग

टाकीतून डिझेल सक्शन पाइपने निघते. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधून ते फीड पंपाकडे येते, पुढे मुख्य फिल्टरमधून इंजेक्शन पंपात, तेथून पोलादी नळ्यांनी नोझलकडे, आणि उरलेले रिटर्न पाइपने परत टाकीत जाते. काही यंत्रांत फीड पंप फिल्टरच्या आधी असतो, काहींत विजेवर चालणारा पंप टाकीजवळच असतो. आपल्या यंत्रातील क्रम प्रत्येक चालकाने एकदा पाइपवर बोट ठेवून पाहून घ्यावा आणि वहीत त्याचे चित्र काढावे. या मार्गाचे दोन भाग पडतात : इंजेक्शन पंपापर्यंतचा कमी दाबाचा, आणि त्यापुढील उच्च दाबाचा. उच्च दाबाचे भाग महाग, त्यांची दुरुस्ती महाग. आमच्या पाहण्यातील बहुतेक दोष मात्र पहिल्या भागात निघाले, आणि तेथे पाना, स्वच्छ कॅन व हातभर पारदर्शक पाइप यांवर काम भागते. तपास टाकीपासूनच सुरू करावा. पंपापासून सुरू करणारा मिस्त्री घाईत असतो, किंवा पंपाच्या कामातच त्याचा लाभ असतो.

कमी दाबाच्या भागातही एक सूक्ष्म भेद आहे. टाकी आणि फीड पंप यांच्यामधील पाइपात, पंप ओढत असताना, बाहेरच्या हवेहून कमी दाब असतो. तेथे पाइपला चीर पडली किंवा क्लिप सैल झाली तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. जमीन कोरडी, पाइप कोरडा, आणि तरी इंजिन ‘हवा घेते’. चालक गळती शोधत राहतो आणि गळती दिसत नाही. लहान यंत्रांत हे पाइप अरुंद जागेतून वळवून नेलेले असतात, हादरे सतत बसतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना इंजिनाच्या कप्प्यातील रबर लवकर कडक होऊन तडकते. सकाळी पहिल्या वेळी इंजिन सुरू होण्यास फार उशीर लागत असेल आणि एकदा सुरू झाल्यावर बरे चालत असेल, तर रात्रीतून डिझेल मागे टाकीकडे उतरले असे समजावे. पाइपाच्या जागी पारदर्शक तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

धूर आणि आवाज

सेल्फ मारत असताना धुराड्यातून अजिबात धूर येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर ते पोहोचते, पण पेटत नाही. काम करताना इंजिन दबते आणि धूर काळा होत नाही, तर इंधन कमी पडत आहे. दबते आणि काळा धूरही सोडते, तर बहुधा हवा कमी आहे, म्हणजे एअर फिल्टर पाहावा, नाहीतर नोझल डिझेलचा फवारा न करता धार सोडतो आहे. आमच्याकडील काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर किती लवकर भरते, हे चालकांना सांगण्याची गरज नाही.

येथे आणखी एक गफलत होते. बूम किंवा बकेट संथ झाली की ‘डिझेल ओढत नाही’ असे म्हणण्याची सवय आहे. इंजिनाचा आवाज ऐकावा. इंजिनाचे फेरे स्थिर असून बकेट संथ चालत असेल तर दोष हायड्रॉलिकचा आहे, डिझेलचा नव्हे. भार येताच फेरेच पडत असतील तरच इंधनाचा किंवा हवेचा विचार करावा. आणि इंजिन एकाएकी, कोणी किल्ली बंद केल्यासारखे थांबले, तर इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची तार आधी तपासावी. किल्ली फिरविताच ‘टक्’ असा आवाज येतो का, एवढे ऐकणे पुष्कळदा पुरेसे होते.

कॅनची परीक्षा

आमच्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत उपयुक्त परीक्षा हीच होय. स्वच्छ कॅनमध्ये चार-पाच लिटर चांगले डिझेल घ्यावे, ते यंत्रावर सुरक्षित आणि गरम भागापासून दूर बांधावे, आणि टाकीकडून येणारा पाइप सोडवून त्याऐवजी कॅनमधून नवा पाइप फीड पंपास जोडावा. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडावा, नाहीतर कॅन लवकर रिकामा होतो. मग यंत्रास नेहमीचे काम द्यावे. दोष नाहीसा झाला तर तो टाकी, तिची हवेची नळी, जाळी किंवा सक्शन पाइप यांतच आहे. दोष कायम राहिला तर टाकीकडील सर्व भाग निर्दोष ठरले. एका तासात निम्मे संशयित सुटतात. आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर ही परीक्षा पहिल्या दिवशी झाली असती तर पंप उतरविण्याची वेळच आली नसती.

टाकीकडे दोष निघाल्यावर झाकण उघडे ठेवून चालवून पाहावे. सुधारणा झाली तर हवेची नळी, न झाली तर सक्शन पाइपाच्या तोंडाशी काही अडकले असेल. डिझेलच्या कॅनच्या झाकणाखालील पातळ चकती टाकीत पडून तरंगते, इंजिन ओढू लागले की तोंडावर येऊन बसते आणि इंजिन थांबले की सुटते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

पाण्याचा विषय थोडक्यात सांगतो. डिझेल पाण्याहून हलके असते, म्हणून फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे ठेवले की पाणी खाली वेगळे दिसते. शेतावर कॅनने डिझेल नेणाऱ्यांनी तरी हे रोज सकाळी करावे. इंजेक्शन पंपातील प्लंजर आणि बॅरल यांच्यामधील फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एवढ्या फटीत डिझेल हेच वंगण असते, आणि पाणी ते काम करू शकत नाही.

पाइप सोडल्यानंतर हवा काढणे आलेच. फिल्टरवरील ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळावा, मग इंजेक्शन पंपावरील स्क्रूचे तसेच करावे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझलजवळचे नट सैल करूनही हवा काढतात. परंतु १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे सीईव्ही-४ मानक लागू झाल्यानंतर कॉमन रेल पद्धतीची इंजिने वाढली आहेत. त्यांत दाब हजार बारच्या पुष्कळ वर जातो. अशा इंजिनाच्या पोलादी नळ्यांचे नट इंजिन फिरत असताना कधीही सैल करू नयेत, आणि कोणत्याही डिझेल इंजिनात उच्च दाबाची गळती हाताने चाचपू नये. तेथून निघणारी केसासारखी धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतेही थोडे, परंतु आत गेलेले डिझेल बोट, प्रसंगी हात गमावण्यास कारण होते. असे घडल्यास घरी हळद लावून बसू नये. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाचे डिझेल आत शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावे. गळती पाहावयाची तर लांब धरलेल्या पुठ्ठ्याने पाहावी.

आमच्या त्या विद्यार्थ्याने हवेच्या नळीच्या तोंडाशी आता बारीक तारेची जाळी बांधली आहे आणि दर सोमवारी तो ती झटकतो. कुंभारीण तेथून हलली, ती केबिनच्या छताखालच्या कोपऱ्यात. तेथे तिने नवे घर केले आहे, आणि त्याने ते तसेच राहू दिले आहे.