बेभरवशाची चाचणी

संगणकाचा प्रोग्रॅम बदलला, कीं तो पूर्वीप्रमाणें नीट चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यास चाचण्या लावतात. प्रोग्रॅमांत एका अक्षराचाही फरक झाला नसतां जी चाचणी सकाळीं उतरते व दुपारीं फसते, तीस आम्ही बेभरवशाची म्हणतों. तिचा दोष पुष्कळदां काळाच्या मोजणींत दडलेला असतो.

बेल लॅबोरेटरीजमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं ‘मेक’ नांवाचा प्रोग्रॅम रचिला. मूळ फाइल व तिजपासून तयार झालेली फाइल यांवर नोंदलेल्या वेळा तो ताडून पाहतो, आणि मूळ फाइल अधिक नवी असेल तरच काम पुन्हा करितो. परंतु फाइली ठेवण्याच्या ‘एक्स्ट-३’ पद्धतींत ही वेळ पूर्ण सेकंदांतच नोंदली जाते. जुन्या ‘फॅट’ पद्धतींत तर दोन सेकंदांच्या टप्प्यानें. चाचणीनें फाइल तयार करवून त्याच सेकंदांत मूळ फाइल बदलली, तर दोहोंची वेळ एकच दिसते. ‘मेक’ स्वस्थ बसतो व चाचणी फसते. यंत्र मंद असल्यास मध्यें सेकंद उलटतो आणि तीच चाचणी उतरते!

यावर कित्येक जण मध्यें एक सेकंद थांबण्याची आज्ञा घालतात. शंभर चाचण्यांत शंभर सेकंद व्यर्थ जातात. शिवाय ‘फॅट’वर हा उपाय अपुराच. त्यापेक्षां चाचणीनें ‘टच’ या आज्ञेनें एका फाइलीवर जुनी व दुसरीवर नवी वेळ स्वतः घालावी, म्हणजे यंत्राच्या वेगाचा प्रश्नच उरत नाहीं.

दुसऱ्या कामाची वाट पाहणें भागच असेल, तर सेकंद न मोजतां खूण पाहावी. आपल्या कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली म्हणजे इशारा व ४३ फुटांवर आली म्हणजे धोका समजतात. पाऊस किती तास पडला यावरून नव्हे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजेही पाण्याच्या पातळीनेंच उघडतात. मात्र खूण न दिसल्यास किती वेळानें अपयश मानावें, ही मर्यादा आधींच ठरवावी.

फसलेली चाचणी उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा चालविणें आम्हांस सर्वांत घातक वाटतें. त्यानें दोष जात नाहीं, केवळ झांकला जातो. आणि ‘ही उगीचच फसते’ अशी संवय जडली, कीं खऱ्या दोषाकडेही दुर्लक्ष होतें. खोटे इशारे ऐकून कंटाळलेला गांव खऱ्या पुराच्या रात्रीं जागचा हलत नाहीं.