तळघरातले दोन जनरेटर

चि. मुक्ता हिस,


रुग्णालयाच्या वीजपुरवठ्याचा तुझा आराखडा वाचला. एकामागोमाग जोडलेल्या १०० भागांतला प्रत्येक भाग ९९ टक्के भरवशाचा असला, तरी सगळी यंत्रणा मिळून जेमतेम ३७ टक्के भरवशाची उरते, हा हिशेब चोख आहे. पण पुढे ‘दोन्ही जनरेटर एकदम बंद पडण्याची शक्यता १०,००० त एक’ हे वाचून मला काळजी वाटली. १०० त एकाला १०० त एकाने गुणायचं, तर दोन बिघाडांचा एकमेकांशी काही संबंध असता कामा नये. तुझे दोन्ही जनरेटर एकाच तळघरात आहेत आणि एकाच टाकीतलं डिझेल घेतात.

११ मार्च २०११ला जपानमधल्या फुकुशिमा दाईइची अणुवीज केंद्रात भूकंपाने बाहेरची वीज गेली, तेव्हा डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामी आली आणि तळघरांत पाणी भरलं. पहिल्या चार अणुभट्ट्यांकडे वीज देऊ शकेल असा एकही जनरेटर उरला नाही. त्यातही बघ, दुसऱ्या आणि चौथ्या भट्टीचा हवेने थंड होणारा एकेक जनरेटर वेगळ्या इमारतीत, तळघराच्या वर होता. त्यांना पाणी लागलं नाही. पण त्यांची वीज ज्या स्विचबोर्डांमधून जायची, ते तळघरात बुडाले. यंत्रं शाबूत, वीज मात्र नाही! सहाव्या भट्टीचा असाच एक जनरेटर बोर्डासकट वाचला, आणि त्याच्यावर पाचवी-सहावी सावरली.

आता तुझे आकडे पुन्हा मांड. दर दहा बिघाडांतला एक जरी दोघांना एकदम गाठणारा धरलास (पाणी, खराब डिझेल, देखभालीतली एकच चूक दोन्हीकडे), तरी शक्यता १,००० त एकाच्या किंचित वर जाते, म्हणजे तुझ्या उत्तराच्या जवळजवळ अकरा पट. आणखी खर्च करून तिसरा जनरेटर त्यांच्याच शेजारी बसवलास, तरी ती १,००० त एकाच्या खाली येत नाही. तेच पैसे दुसरा जनरेटर वरच्या मजल्यावर नेण्यात घाल. त्याची टाकी वेगळी, पॅनेल वेगळं, केबलचा मार्गही वेगळा ठेव.

सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा दोन्ही मार्ग जनरेटरपासून अतिदक्षता विभागातल्या प्लगपर्यंत दोन रंगांत काढ. ते कुठे एकत्र येतात, ते मला आधी बघायचंय.

तुझा,
मामा