उसाचे वाफे, ऑयलरचे अनुमान आणि प्रा. श्रीखंडे

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला लागून कळंब हे गाव आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत ऊस आला, आणि त्याच पाण्याच्या अतिवापराने काही जमिनी चोपण व खारवटही झाल्या. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील डॉ. हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास केला होता. या भागात एकाच शेताच्या दोन बांधांमध्ये जमिनीचा कस बदलतो, हे येथील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. चारीच्या बाजूला ओल अधिक, उताराच्या टोकाला मीठ अधिक.

अशा शेतात उसाचे पाच वाण ताडून पाहावयाचे असतील तर काय करावे? पाच पट्ट्यांत पाच वाण लावले, आणि चारीलगतच्या पट्ट्यातील वाण सरस ठरला, तर तो गुण बेण्याचा की पाण्याचा? इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी या प्रश्नास जी उत्तरे दिली, त्यांपैकी एक म्हणजे लॅटिन चौरस. शेताचे पाच ओळी व पाच स्तंभ असे पंचवीस वाफे पाडावयाचे, आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदाच व प्रत्येक स्तंभात एकदाच येईल अशी लागण करावयाची. मग ओलीचा लाभ आणि क्षाराचा तोटा पाचही वाणांच्या वाट्यास सारखाच येतो. वाण पुष्कळ असतील तर ही रीत अडचणीची होते व अन्य आराखडे वापरले जातात. परंतु मूळ विचार तोच राहतो.

आता वाणांबरोबर खताच्या पाच मात्राही तपासावयाच्या आहेत, असे समजू. वाणांना अ, ब, क, ड, इ आणि मात्रांना १ ते ५ म्हणू. मांडणी अशी होते :

अ१  ब२  क३  ड४  इ५
ब३  क४  ड५  इ१  अ२
क५  ड१  इ२  अ३  ब४
ड२  इ३  अ४  ब५  क१
इ४  अ५  ब१  क२  ड३

प्रत्येक वाणाची प्रत्येक मात्रेशी गाठ नेमकी एकदा पडते. रचनेची किल्ली सोपी आहे : दर ओळीस अक्षरे एक घर सरकतात, अंक दोन घरे सरकतात. (प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने ही चौकट त्यास दोनदा मांडावी लागली, गणिताच्या शिक्षकांस एकदाच पुरावी.) पाचाऐवजी सहा वाण घेतले की ही किल्ली चालत नाही. दोन-दोन घरे सरकविल्यास चौथी ओळ पहिलीसारखीच येते, कारण दोन त्रिक सहा. पाच ही मूळ संख्या असल्याने तेथे असा घात होत नाही. चार, आठ, नऊ या संख्यांसाठी फ्रेंच गणिती गाल्वा यांच्या नावाने ओळखली जाणारी सांत क्षेत्रे, म्हणजे मोजक्याच संख्यांचे पण भागाकार चालणारे गणित, उपयोगी पडते. अमूर्त बीजगणित म्हणतात ते हेच.

शेतीच्या प्रयोगांना फार पूर्वी, १७८२ मध्ये, ऑयलर या थोर गणितज्ञाने छत्तीस सैनिकी अधिकाऱ्यांचे कोडे मांडले. सहा पलटणी, सहा हुद्दे. प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी. त्यांना सहा बाय सहाच्या चौकटीत असे उभे करावयाचे की कोणत्याही ओळीत वा स्तंभात पलटण किंवा हुद्दा पुन्हा येऊ नये. ते त्यास साधले नाही. ६, १०, १४, १८ अशा, चाराने भागल्यास दोन बाकी राहणाऱ्या, कोणत्याही संख्येसाठी हे अशक्य आहे, असे त्याने अनुमान केले. सहाबाबत ते खरे असल्याचे १९०० च्या सुमारास गास्तों तारी यांनी दाखविले.

उर्वरित अनुमान १९५९ मध्ये कोसळले, आणि त्यात एका मराठी गणितज्ञाचा हात होता. प्रा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला; नागपूरला त्यांनी अध्यापन केले, आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून १९५० मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यांचे गुरू राजचंद्र बोस यांच्यासमवेत त्यांनी बावीसच्या चौकटीची रचना सिद्ध केली. लहान लहान मांडण्या जोडून मोठी मांडणी उभारण्याची त्यांची युक्ती होती. अर्नेस्ट पार्कर यांनी दहाची चौकट शोधली. पुढे तिघांनी मिळून दोन व सहा वगळता ऑयलरचे अनुमान सर्वत्र चुकीचे असल्याचे सिद्ध केले. २६ एप्रिल १९५९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे यांनी नंतर मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग उभारला. २०२० मध्ये, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, ते निवर्तले. शालेय पुस्तकांत त्यांचे नाव ठळकपणे यावयास हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

सहाच्या चौकटीची कथा मात्र येथे संपली नाही. मद्रासच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील सुहैल अहमद राथर व अरुल लक्ष्मीनारायण यांनी पोलंडमधील सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या कोड्याचे पुंजभौतिकी उत्तर दिले. पुंजसृष्टीत एखादा 'अधिकारी' एकाच वेळी अनेक हुद्दे व पलटणी यांच्या मिश्रणात असू शकतो. ही सूट दिली की छत्तीसही जण चौकटीत बसतात. त्यातून चार कणांची एक विशेष घट्ट गुंफण हाती आली. पुंजसंगणकातील चुका सुधारण्याच्या संकेतांशी तिचा थेट संबंध आहे.

हे सर्व कळंबच्या बांधावर कशासाठी, असे कोणी विचारील. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने अलीकडे मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उपग्रहचित्रे, जमिनीतील संवेदक आणि हवामान केंद्र यांची माहिती संगणकाकडून पारखून ऊस उत्पादकांना सल्ला देण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परावर्तित करते; या दोहोंच्या तुलनेवरून पिकाची अवस्था ओळखता येते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका दहा मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे एका गुंठ्याचा असतो. वाफ्यावाफ्यातील फरक आता आकाशातून टिपता येतो, ही मोठीच सोय आहे.

परंतु फरक दिसणे आणि फरकाचे कारण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खारवट कोपऱ्यातील पिवळा ठिपका खताअभावी पिवळा आहे की क्षारामुळे, हे चित्र एकटे सांगत नाही. म्हणून नव्या पद्धतीने एकरी इतके टन वाढले असे ग्रामसभेत सांगितले गेले, तर सदस्यांनी आदरपूर्वक विचारावे : शेजारी जुन्या पद्धतीचा वाफा होता काय? दोन्ही वाफे एकाच चारीवर होते काय? किती शेतांत, किती हंगाम, आणि खोडव्याचे आकडे धरले काय? पैसे शेतकऱ्याचे गुंतावयाचे आहेत. हे प्रश्न उपक्रमाच्या विरोधातील नव्हेत.

शाळांना याचा आरंभ मेथीपासून करता येईल. आवारात हातभर लांबीरुंदीचे पंचवीस वाफे, पाच ठिकाणांहून आणलेले बी, आणि वर दिलेल्या चौकटीतील केवळ अक्षरे. महिन्याभरात भाजी काढणीस येते. प्रथम ओळींची, नंतर स्तंभांची आणि शेवटी अक्षरांची वजने बेरजून फळ्यावर मांडावीत. झाडाच्या सावलीकडचा स्तंभ किती मागे पडला, हे मुलांना त्या बेरजांतच दिसेल.