जुन्या मोटारीच्या इंजिनांतील तेलगळती

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत धान पिकविणाऱ्या कांहीं घरीं अद्यापि जुन्या अँबॅसॅडर मोटारी तणशीच्या छपरीखालीं उभ्या असलेल्या आढळतात. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत होणारें ह्या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं बंद पडलें. तथापि ज्यांच्याजवळ १४८९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन असलेली जुनी गाडी आहे त्यांनीं ती सहसा मोडींत काढलेली नाहीं. हें इंजिन मूळचें इंग्लंडांतील ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेचें असून बळकट आहे. त्याला एकच वाईट खोड आहे, ती म्हणजे तेल गाळण्याची. ह्या खोडीचा विचार बहुतेक मालक दोन प्रकारें करतात. कांहीं म्हणतात, जुनें इंजिन गळावयाचेंच. आणि कांहीं पहिल्याच डागाला इंजिन उतरवावयास निघतात. मीं ह्या दोन्ही चुका केल्या असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करतों.

गेल्या पावसाळ्यांत, ऐन रोवणीच्या दिवसांत, आमगांवच्या रस्त्यानें जातांना एका वळणावर तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा क्षणभर लागला व विझला. गाडी थांबवून पट्टी काढून पाहिली, तों तिच्या टोकाला तेल जेमतेम लागलें. ऑइल चेंबरमध्यें तेल इतकें उतरलें होतें कीं वळणावर तें एका अंगाला गेलें म्हणजे पंपाची जाळी उघडी पडून पंप हवा ओढीत होता. आणखी थोडा वेळ तसेंच हांकलें असतें तर क्रँकच्या बेअरिंगा गेल्या असत्या. शहरांतील एका कारागिरानें गाडीखालीं वाकून पाहून सांगितलें कीं, क्रँकच्या मागच्या बाजूनें गळतें, इंजिन खालीं घ्यावें लागेल, २८,००० रुपये खर्च येईल. तेवढी रक्कम घरांत होती. परंतु ती रोवणाऱ्या बायांच्या मजुरीची होती. आयुष्यभर महसुलाच्या कचेरींत कारकुनी केलेल्या माणसाला पंचनामा झाल्यावांचून कोणताहि निकाल मान्य होत नाहीं. म्हणून मीं गाडी घरीं आणली व स्वतःच चौकशी आरंभिली.

चौकशीची पहिली पायरी म्हणजे नोंद. गाडी सपाट जागीं रात्रभर उभी करून सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं पट्टी पाहावी आणि किती किलोमीटर चालल्यावर किती तेल घालावें लागलें तें वहींत लिहावें. माझ्या गाडीला त्या वेळीं १५० किलोमीटरांना अर्धा लिटर तेल लागत होतें. ह्या इंजिनांत एकंदर सुमारें चार लिटर तेल राहतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे धोका किती जवळ होता तें कळेल. तेल कमी होतें म्हणजे तें गळतेंच असेंहि नाहीं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर तें आंत जळत आहे असें समजावें. तसेंच पट्टीला पेट्रोलचा वास येतो काय, तेंहि पाहावें. इंजिनावरील यांत्रिक पेट्रोलपंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल तेलांत उतरतें, तेल पातळ होतें व मग तें प्रत्येक सांध्यांतून वाट काढतें. अशा वेळीं पॅकिंगें बदलून कांहीं उपयोग नाहीं. पंप दुरुस्त करून सर्व तेल बदलावें.

गाडीखालीं रात्रीं एक मोठा पुठ्ठा पसरावा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणेनें मांडाव्या. सकाळीं डाग कोठें आहेत व कशाचे आहेत तें पाहावें. इंजिनाचें वापरलेलें तेल काळसर असतें. गिअरपेटींत घातलेलें घट्ट तेल अधिक चिकट असून त्याला उग्र वास येतो. एखाद्या चाकाच्या आंतल्या अंगाला पातळ, पाण्यासारखा द्रव दिसला तर तो ब्रेकचा समजून गाडी जागची हालवूं नये.

पुठ्ठ्यावरील डाग मात्र थेंब कोठें पडला एवढेंच सांगतो, तो कोठून निघाला हें सांगत नाहीं. तेल वरून खालीं ओघळतें आणि गाडी चालतांना पुढच्या वाऱ्यानें मागें ढकललें जातें. म्हणून वर, पुढें निघालेलें तेल खालीं, मागें येऊन टपकतें, आणि क्रँकच्या मागच्या टोकावर विनाकारण आळ येतो. ह्याकरितां इंजिन प्रथम स्वच्छ धुवावें. इंजिन पूर्ण थंड असतांना कुंचल्यानें डिझेल लावून मळी सुटवावी, नंतर साबणाच्या पाण्यानें धुऊन वाळवावें. डिस्ट्रिब्यूटर व कार्बुरेटर प्लास्टिकनें बांधून ठेवावे. हें काम बांधीच्या धुऱ्यावर किंवा बोडीच्या कांठीं कदापि करूं नये. तेलाचा तवंग पाण्यावर दूरवर पसरतो. इंजिन वाळलें म्हणजे त्यावर शंखजिऱ्याची बारीक पूड भुरभुरावी. तोंडाला लावण्याची साधी पावडरहि चालते. मग गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी आणि बॅटरीच्या प्रकाशांत वरून खालीं पाहत यावें. पांढऱ्या पुडींत ओली रेघ स्पष्ट उमटते. त्या रेघेचें सर्वांत वरचें टोक हें गळतीचें खरें ठिकाण होय. गाडीखालीं शिरावयाचें असेल तर केवळ जॅकवर विसंबूं नये. सागाचे भक्कम ठोकळे द्यावे.

माझ्या गाडींत ही रेघ इंजिनाच्या डाव्या अंगाला, सायलेन्सरच्या तोंडाखालच्या मागील झाकणापासून निघून क्लचच्या पेटीवर उतरली होती. ह्या अंगाला टॅपेटांच्या कोठीवर पत्र्याचीं दोन झाकणें असतात. प्रत्येक झाकण मध्यावरील एकाच बोल्टानें धरलेलें असून त्याखालीं बुचाचें पॅकिंग असतें. शेजारच्या उष्णतेनें बूच वाळून कडक होतें. परंतु पॅकिंगाला हात घालण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट पाहावयाची असते, आणि माझ्या मतें सर्व लेखांत हीच महत्त्वाची आहे. ती म्हणजे इंजिनाचा श्वास.

पिस्टनच्या रिंगा कितीहि चांगल्या असल्या तरी जळलेला वायु थोडाबहुत खालीं क्रँकच्या कोठींत उतरतोच. तो बाहेर जाण्याकरितां पुढील बाजूच्या झाकणावरून एक नळी खालीं सोडलेली असते, आणि वरच्या टॅपेट कव्हरवरून एक रबरी नळी हवेच्या गाळणीकडे जाते. ह्या वाटा तुंबल्या कीं आंत दाब वाढतो व तेल प्रत्येक दुबळ्या सांध्यांतून बाहेर रेटलें जातें. अशा इंजिनाला नवें पॅकिंग घातलें तर तेंहि महिन्याभरांत गळूं लागतें, आणि मालक दुकानदाराला दोष देतो. माझ्या गाडीची खालची नळी काढून तींत तार घातली तों निम्म्यावर अडली. तळाशीं कुंभारमाशीनें मातीचें घर केलें होतें आणि त्यावर वर्षानुवर्षांची मळी डांबरासारखी बसली होती! गाडी उन्हाळाभर छपरींत उभी राहिल्याचा हा परिणाम. नळी व आंतील जाळी डिझेलमध्यें रात्रभर भिजवून साफ केली.

श्वास मोकळा झाल्यावर परीक्षा अशी करावी. इंजिन मंद चालूं ठेवून तेल ओतण्याचें झाकण काढावें व तोंडावर तळहात धरावा. मंद फुंकर लागली तर ठीक. नळ्या स्वच्छ असूनहि धुराचे लोट जोरानें येत असतील तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत, आणि मग गळती हें केवळ लक्षण ठरतें. प्लगच्या जागीं दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजवून घ्यावा. चमचाभर तेल आंत सोडल्यावर दाब चढला तर दोष रिंगांचा आहे हें निश्चित. अशा गाडीला मोठा खर्च टळत नाहीं.

आतां पॅकिंगाविषयीं. जुनें बूच लांकडी किंवा पितळी पट्टीनें खरवडावें. झाकण सपाट फरशीवर ठेवून कडा डुलतात काय तें पाहावें. वाकल्या असल्यास लांकडावर ठेवून हलक्या हातानें सरळ कराव्या. आपल्याकडील उन्हाळ्यांत दुकानांत पडून असलेलें बुचाचें पॅकिंग आंखडलेलें असतें. तें कांहीं वेळ कोमट पाण्यांत ठेवल्यास मूळ मापावर येतें. पॅकिंग झाकणाला चिकटवावें आणि इंजिनाकडील बाजूस नुसतें ग्रीस लावावें. चिकट द्रव्याचा थर पातळच असावा. जास्त झालेला आंत पडून पंपाच्या जाळींत अडकतो. ह्यापुढें बळाचा मोह आवरावा. पहिल्या वेळीं मीं पाना सर्व जोर लावून आवळला. पत्रा मध्यें दबला, कडा उचलल्या, बूच पिळून बाहेर आलें आणि गळती पूर्वीपेक्षां वाढली. दुसऱ्या वेळीं बूच नुसतें दबेल इतपतच आवळलें, रात्रभर तसेंच ठेवलें आणि सकाळीं किंचित् ताण दिला. टॅपेट कव्हरवरील दोन नटांनाहि हाच नियम लागू आहे. त्यांखालचीं रबरी वायसरें कडक झालीं असतील तर तींहि बदलावीं.

ऑइल फिल्टरच्या भांड्याजवळची गळती मात्र सर्वांत भयंकर समजावी. कारण तेथें तेल पंपाच्या दाबाखालीं असतें व तें अल्पावधींत रिकामें होतें. फिल्टर बदलतांना जुनी रबरी रिंग खांचेंतच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसविली जाते, ही नेहमींची चूक आहे. पुढच्या पुलीमागचें सील गळत असेल तर पंखा तें तेल चहूंकडे उडवितो. तें बदलण्यास रेडिएटर काढावा लागतो. चेंबरच्या तळच्या बुचाचें तांब्याचें वायसर प्रत्येक खेपेस नवें घालावें.

राहिला क्रँकचा मागचा भाग. ह्या जुन्या इंजिनांत तेथें घासून बसणारें सीलच नाहीं. क्रँकवर उलट आटे कापलेले असून ते फिरतांना तेल आंत परतवितात. क्रँक थांबली कीं आटे थांबतात, आणि दोन-चार थेंब क्लचच्या पेटीच्या तळच्या छिद्रांतून पडतात. तें छिद्र बुजवूं नये. बुजविल्यास तेंच तेल क्लचच्या प्लेटीवर चढेल. क्लच घसरूं लागला किंवा वहींतील आंकडा महिन्यामागून महिना चढत गेला, तरच मागची बाजू उघडावी, आणि तीहि शक्य तों क्लच बदलण्याच्या वेळीं, म्हणजे गिअरपेटी काढण्याची मजुरी दोनदां पडत नाहीं. अधिक घट्ट तेल घालून हा दोष जात नाहीं.

माझ्या गाडीला एकंदर खर्च सहाशें रुपयांच्या आंत आला व रोवणी वेळेवर झाली. आज पुठ्ठ्यावर सकाळीं तीन थेंब असतात, आणि हजार किलोमीटरांना अर्धा लिटर तेलहि लागत नाहीं. तरी दर रविवारीं पट्टी पाहतों.

ओलिताच्या डिझेल इंजिनालाहि असाच श्वासमार्ग असतो. हंगाम संपल्यावर तें झांकून ठेवतांना त्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी बांधावी, आणि पुढील हंगामीं सुरू करण्यापूर्वीं ती काढून नळी मोकळी असल्याची खात्री करावी. काढलेलें जळकें तेल झांकणाच्या डब्यांत सांठवून तें गोळा करणाऱ्या कारखान्यांत द्यावें. तें हातांना वारंवार लागूं देणें अपायकारक आहे.