साभार परत आल्यावर

मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट जवळपास नसतोच. हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जाते आणि नकारही थेट येतो, बहुधा एका ओळीत: आमच्या प्रकाशन योजनेत बसत नाही. पुष्कळदा तेवढेही कळवले जात नाही. विदर्भातल्या आमगावसारख्या ठिकाणी बसून लिहिणाऱ्याला मग आणखी एक शंका छळते, की पुण्या-मुंबईत असतो तर असे झाले असते का? माझे मत असे, की नकार म्हणजे एका वाचकाचा त्या वेळचा निर्णय असतो. त्याला उत्तर द्यायचे ते पुढच्या लेखनाने. याचा जुना दाखला आमगावच्या शेजारीच आहे.

आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपले मूळ गाव विदर्भातले पद्मपूर असल्याचे सांगतो. ते म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत तो अवहेलना करणाऱ्यांना बजावतो, की हे लेखन तुमच्यासाठी नाही, आपला समानधर्मा आज नसला तरी पुढे कुठेतरी जन्मेल. वर्मी घाव बसल्याशिवाय कोणी असे लिहीत नाही. पण नाउमेद झालेले लेखक एवढेच पाठ करतात आणि तिथेच फसतात. ‘मालतीमाधव’ दहा अंकी आहे, त्यातले गद्य लांबलचक समासांनी जड झालेले. बहुतेक अभ्यासक ज्याला त्याचे शेवटचे नाटक मानतात, ते ‘उत्तररामचरित’ सात अंकी. त्याच्या पहिल्या अंकात राम आणि सीता स्वतःच्याच गतायुष्याची चित्रे पाहतात, थकलेली सीता रामाच्या हातावर झोपी जाते, आणि तेवढ्यात हेर दुर्मुख सीतेविषयीच्या लोकापवादाची बातमी आणतो. सगळा पुढचा वियोग त्या एका प्रसंगात पेरलेला आहे. भवभूतीने आत्मविश्वास सोडला नाही, पण लिहिण्याची रीत बदलली.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक नाकारलेला लेखक भवभूती नसतो. खरे आहे. म्हणूनच दोन-तीन जाणत्या वाचकांनी, एकमेकांशी न बोलता, एकाच जागी बोट ठेवले तर ती जागा पुन्हा लिहावी. प्रत्येकाची तक्रार वेगळी असेल तर मजकूर दुसरीकडे पाठवावा. दुसरा आक्षेप असा, की भवभूतीला कनौजच्या यशोवर्म्याचा आश्रय होता, आम्हाला कोण आहे? राजा नाही, पण विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ हे नियतकालिक आहे, दिवाळी अंक आहेत, झाडीबोलीची संमेलने आहेत, आणि पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. कादंबरी परत आली तर तिच्यातले एखादे स्वतंत्र उभे राहणारे प्रकरण कथा म्हणून आधी अंकाकडे द्यावे. संपादकाला नाव ओळखीचे होते, हा फायदा लहान नाही.

सर्वांत सावध राहायचे ते पैशांच्या बाबतीत. नकार जिव्हारी लागलेला असतो तेव्हाच ‘इतके भरा, पुस्तक काढून देतो’ हा प्रस्ताव गोड वाटतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही, पण प्रती किती छापणार, विकणार कोण, हक्क कोणाकडे राहणार, हे लेखी करारात नसेल तर गठ्ठे घरी येऊन पडतात. म्हणून कळकळीने सांगतो: नकाराचे दुःख ताजे असताना कोणत्याही करारावर सही करू नका, कोणालाही पैसे देऊ नका.