तिसऱ्या रांगेत बस गं

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, व्याख्यानांना जाते, पण दाराजवळच बसते. सगळे इंग्रजीत फाडफाड बोलतात गं." बघ, जालन्याहून एकटी पुण्याला आलीस, गोखले संस्थेत प्रवेश मिळवलास, मेसच्या जेवणाशी जमवून घेतलंस, आणि तिथल्या काळे सभागृहातल्या खुर्चीला घाबरतेस?

खरं सांगू का, मीही हेच केलं होतं. शिकत असताना दुष्काळावरच्या एका व्याख्यानाला गेले होते. विषय रोजगार हमीचा निघाला. आपली आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढलेले तिने. मला विचारायचं होतं, मस्टरवर बाईचं नाव असलं तरी मजुरी तिच्याच हातात पडायची का? प्रश्न ओठांवर आला आणि मी तो गिळून खोलीवर परतले. किती तरी वर्षांनी कळलं, तुझ्याच संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकरांनी रोजगार हमीवर येणाऱ्या बायकांवर अख्खं पुस्तक लिहिलंय, १९८३ साली. म्हणजे माझा प्रश्न अडाणी नव्हता गं. तो विचारला नाही, ही हळहळ अजून आहे.

बाबा पेपर वाचताना "मराठवाड्याचा अनुशेष" म्हणतात ना, त्याचा हिशोब वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ च्या अहवालात मांडला. आपला जालना जिल्हा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. हे दांडेकरही एकेकाळी तुझ्या संस्थेचे संचालक होते. या संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात १९३९ साली बाबासाहेब आंबेडकर संघराज्याच्या प्रश्नावर बोलले होते. हे तुला दडपण यावं म्हणून सांगत नाहीये. आपल्या घरातली बोलणी या संस्थेला परकी नाहीत, एवढंच तुला कळावं.

आता काय करायचं ते ऐक. पंधरा मिनिटं आधी जा आणि तिसऱ्या रांगेत बस. परतीची बस किती वाजता आहे ते आधीच बघून ठेव, म्हणजे शेवटी जीव टांगणीला लागत नाही. पुस्तकावर चर्चा असली की अख्खं पुस्तक संपवायचा हट्ट धरू नकोस. ग्रंथालयात बसून प्रस्तावना वाच, अनुक्रमणिका बघ, मग शेवटच्या सूचीत जालना शोध. सापडलं तर ते पान आधी वाच. नाही सापडलं, तर तोच तुझा प्रश्न! पाण्यावरच्या पुस्तकात मराठवाडा दोन ओळींत उरकला असेल, तर का उरकला ते विचारायचा हक्क तुझा आहे.

प्रश्न वहीत दोन ओळींत लिही आणि उभी राहून वाच. "मी मराठीत विचारते" असं म्हणायला अजिबात लाजू नकोस. न कळलेले शब्द मार्जिनमध्ये टिपून ठेव, रात्री जेवण झालं की बघ. पहिल्या महिन्यात वीस निघतील, चौथ्या महिन्यात पाच. व्याख्यान संपल्यावर चहा असेल तर लगेच पळू नकोस. सभेत जे उत्तर अर्धवट राहतं, ते तिथे नीट मिळतं.

आणि आठवतंय ना, आपल्या जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला चर्चासत्र असतं? मी गेले की बघते, मोसंबीची फळगळ, कपाशीवरची बोंडअळी, जे छळतंय ते शेतकरी उभं राहून थेट शास्त्रज्ञाला विचारतात. भाषा घरचीच आणि विचारताना संकोच नाही. त्याच मातीतली आहेस तू.

पुढचं व्याख्यान कधी आहे ते कळव. आणि जायच्या आदल्या रात्री फोन कर, वहीतला प्रश्न आधी मला वाचून दाखव.