वाचकांचे प्रश्न : निवेदनांनी अपिलाची मुदत थांबते काय?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात गावच्या जमिनीस भावांनी परस्पर वारस नोंद करून घेतली; तीत आम्हां दोघी बहिणींची नावे नाहीत. आम्हांला नोटीसही आली नाही. सातबाऱ्याचा उतारा काढला तेव्हा हा प्रकार कळला. तेव्हापासून तहसीलदार, जिल्हाधिकारी व पालकमंत्री यांना निवेदने दिली, लोकशाही दिनालाही गेलो. पोच सर्वत्र मिळाली. निर्णय मात्र दोन वर्षांत कोठेच नाही. आता कोणाकडे अर्ज करावा?
— एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : अर्ज कोणाकडे करावा यापेक्षा तो कोणत्या जातीचा असावा, हा विचार आपल्या प्रकरणी आधी व्हावयास हवा होता. सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडण्याची रीत आपल्याकडे पुरातन आहे. १८५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला, तेव्हापासून कित्येक वर्षे आपले सार्वजनिक राजकारण बव्हंशी अर्जांवरच चालले. आज तर घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणार्थ केंद्राच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, तेथे प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत, निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकास दिलेला आहे. मात्र ते निवेदन अमुक मुदतीत निकाली काढण्याचे बंधन त्या अनुच्छेदात नाही. त्यामुळे वरिष्ठांकडे दिलेला कागद ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून, ज्याच्या दप्तरी मूळ नोंद झाली त्याच तलाठ्याकडे, अहवालासाठी येऊन पडतो. बारनिशीत त्याची नोंद होते, एवढेच.

अपिलाचे तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २४७ व्या कलमान्वये दाखल झालेले अपील उभय पक्षांस ऐकून निर्णीत करणे अधिकाऱ्यास भाग असते. पण त्याला मुदत आहे : जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश असल्यास तो मिळाल्यापासून ६० दिवस, नकलेसाठी लागलेला काळ वगळून. निवेदनांमागून निवेदने दिल्याने ही मुदत वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सी. जेकब यांच्या प्रकरणात, ते सेवाविषयक असले तरी, जुन्या दाव्यावरील निवेदनास उत्तर मिळाल्याने गेलेली मुदत पुनरुज्जीवित होत नाही, असे स्पष्ट केले आहे. मोठ्या माणसाकडे कागद पोहोचला की काम झाले, ही आपली समजूत मोठी घातक आहे. ज्याला निर्णयाचा अधिकार आहे तो पुष्कळदा मोठा नसतोच.

तथापि आपला मार्ग खुंटलेला नाही. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेल्या फेरफाराची प्रमाणित नक्कल आणि नोटीस बजावणीचे कागद मागवून घ्यावेत. संहितेच्या १५० व्या कलमाप्रमाणे हितसंबंधितांस नोटीस देणे आवश्यक असते; ती आपणांस मिळाली नसेल, तर अपिलातील आपला सर्वांत बळकट मुद्दा तोच. अपील प्रांताधिकाऱ्यांकडे करावे आणि सोबत २५१ व्या कलमाखाली विलंबमाफीचा अर्ज द्यावा. त्यात जुन्या पोचपावत्या जरूर जोडाव्यात. मात्र त्यांना दोन धारा आहेत, हे ध्यानी असू द्यावे. आपण स्वस्थ बसला नाही, हे त्यांनी सिद्ध होईल. तसेच आपणांस नोंदीची माहिती केव्हा झाली, हेही पहिल्या निवेदनाच्या तारखेने सिद्ध होईल, आणि तेथून पुढच्या विलंबाचा खुलासा आपणांसच करावा लागेल.

निवेदन सर्वस्वी निरुपयोगी, असेही मी म्हणत नाही. पाणंद रस्ता वा पाणीपुरवठा यांसारख्या ज्या बाबींत कोणाच्या हक्काचा निवाडा करावयाचा नसतो, तेथे बहुतेक वेळा तेच साधन उपयोगी पडते. आणि कर्तव्य बजावण्याचा आदेश अधिकाऱ्यास द्यावा म्हणून उच्च न्यायालयात याचिका करावयाची झाल्यास, आधी लेखी मागणी केली होती काय, असे सामान्यतः विचारले जाते.

फेरफारातून नाव गळाल्याने आपला वारसाहक्क मात्र बुडत नाही. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. मालकीचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयाचा. भाऊ जमीन विकण्याच्या बेतात असतील, तर प्रांतांच्या निकालाची वाट न पाहता वाटपाचा दावा दाखल करून मनाई हुकूम मागावा. आणखी एक निवेदन लिहिण्याऐवजी नकलेचा अर्ज याच आठवड्यात द्यावा.